आडवी बाग

‘बाबांच्या चाळीसाव्याला धिरडी कमी पडू देऊ नका,’ अशी नणंदेची, रायसाची तार दोन दिवस आधीच येऊन पडली होती. उस्तिन्यानं ती वाचली, घडी घातली आणि चहाचं पाणी उकळायच्या डुगडुगणाऱ्या सामोवारच्या पायाखाली सरकवून दिली. गेल्या सात महिन्यांत या घरात काय काय कमी पडलं, त्याबद्दल कुणी तार केली नव्हती.

सासरे जाऊन आज चाळीस दिवस झाले होते, त्या दिवसाच्या जेवणासाठी सकाळपासून ती चुलीसमोर उभी होती. गुडघे कुरकुरत होते, पण ते काही नवं नव्हतं. सासूबाई, म्हणजे पेलागेया, टेबलाशी बसून उकडलेल्या गव्हात मध कालवत होत्या, तेही एका हातानं. गेल्या सप्टेंबरात ओसरीवरून पडून त्यांचं डावं मनगट मोडलं होतं, ते वाकडंच सांधलं. सुनेचे गुडघे आणि सासूचं मनगट, एवढ्या भांडवलावर या घरानं सासऱ्याचं, सावेलीचं, सहा महिन्यांचं आजारपण काढलं होतं. अर्धांगवायू झालेला धिप्पाड म्हातारा. त्याला दिवसातून सहा वेळा कुशीवर करायचं म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. मार्चअखेर तो गेला तेव्हा उस्तिन्या रडली, आणि रडता रडता बसल्या जागी तिला झोप लागली. रायसानं ते पाहिलं होतं आणि ती विसरणाऱ्यांपैकी नव्हती.

दुपारच्या बसनं धाकटा दीर गेर्मान शहरातून आला. खांद्यावर ओल्या गोणपाटात बांधलेला लांबलचक भारा होता.

“वहिनी, चहा मागाहून. आधी यांना पाणी दाखवा. बारा रोपं आणलीत. सफरचंदाची.”

“कसली?”

“मुठीएवढं फळ देणारी. आणि उभी लावायची बरं का. रोपवाल्यानं छातीवर हात ठेवून सांगितलंय, इकडची कसलीही थंडी अंगावर घेतील. आकडे नकोत, वाकवणं नको. तुमच्यासाठीच आणलीत.”

उस्तिन्याचा हात धिरड्यावर थांबला. आपल्यासाठी कुणी काही आणलं, याला किती वर्षं झाली ते तिला आठवेना. तिला एकदम भरून आलं, आणि तेवढ्यात धिरडं करपलं.

“उभी?” आतल्या खोलीतून रायसा बाहेर आली. ती आदल्या दिवशीच येऊन ठेपली होती आणि आल्यापासून पायात सुती मोजे घालून घरभर धूळ शोधत फिरत होती. “बाबांच्या बागेत उभी झाडं? गेर्मान, तू शुद्धीवर आहेस ना?”

सावेलीची बाग आडवी होती. रोप तिरकं लावायचं, खोड कोवळं आहे तोवर जमिनीलगत वळवायचं आणि फांद्या लाकडी आकड्यांनी मातीशी खिळवून ठेवायच्या, म्हणजे हिवाळ्यात झाड बर्फाखाली झोपून राहतं. वर शून्याखाली पन्नास अंशांची थंडी पडू दे, खाली दक्षिणेकडचं नाजूक सफरचंदसुद्धा जगतं. ते उभं वाढवलं तर पहिल्याच हिवाळ्यात संपलं. बागेत नवखा माणूस शिरला की त्याला वाटे, वादळानं सगळी झाडं पाडलीत. पण ऑगस्टात त्याच झाडांना मुठीएवढी पांढरी सफरचंदं लागत आणि येनिसेई नदीच्या दोन्ही काठांवरून माणसं ती बघायला येत. सावेली फाटकात उभा राहून मिश्या पिळत असे.

मिश्या सावेलीच्या आणि कंबर बायकांची. चाळीस झाडं. दर ऑक्टोबरात प्रत्येक नवा फुटवा वाकवून खाली बांधायचा, दर वसंतात सोडवायचा. आधी पेलागेयानं केलं, मग या घरात सून आली. अठ्ठावीस वर्षं उस्तिन्या त्या बागेत ओणवी होती. ‘वहिनीला बाबांनी पारखून आणलीय, थंडीवाऱ्याला टिकणारी,’ असा विनोद रायसा दर सणाला करायची आणि सगळे हसायचे. उस्तिन्याही हसायची.

यंदा बाग मेली होती. बर्फ वितळला, फांद्यांवरचे डोळे जरासे फुगले आणि वाळून गेले. चाळीसपैकी एकही झाड पालवलं नाही. लोक हळहळायला येत, उस्तिन्या मान खाली घालून ऐके, आणि आत कुठंतरी तिला हायसं वाटे. आता पुन्हा काय लावायचं, ते आज ठरणार होतं. पुन्हा आडवी झाडं लागली तर मरेपर्यंत आपलं ओणवं राहणं सुटत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला फक्त उभी झाडं हवी होती. कसली का असेनात.

जेवणं झाली. सावेलीच्या नावानं भरलेल्या पेल्यावर पावाचा तुकडा ठेवला होता, त्याच्याकडे बघत सगळे मुकाट्यानं जेवले. थोरला प्रोखोर, उस्तिन्याचा नवरा, तसाही मुकाटच असे. ट्रॅक्टरवर पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला बोलायची सवय राहत नाही. व्होडकाचा दुसरा पेला झाल्यावर रायसानं विषय काढला आणि म्हणाली, बागेतच जाऊ या, बाबांच्या समोर बोलल्यासारखं होईल.

बागेत गेर्माननं भारा सोडला. उस्तिन्या वाकून बघू लागली आणि तिचा चेहरा उतरला. रोपांना पानं फुटली होती, नखाएवढी, हिरवीगार.

“काय झालं?” गेर्माननं विचारलं.

“भावजी, ही जागी झालीत.”

“मग चांगलंच की.”

“मे महिन्याचा पहिला आठवडा आहे. कुंपणापलीकडं बघा.” शेजाऱ्याची लहान फळांची झाडं उभी होती, डोळे अजून घट्ट मिटलेले. “इथलं झाड इतक्यात जागं होत नाही. त्याला ठाऊक असतं, अजून दोनदा गारठा यायचाय. ही दक्षिणेची पोरं आहेत. जरा ऊब लागली की उठून बसतात. उभी लावली तर डिसेंबर बघणार नाहीत.”

“त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं,” गेर्मान म्हणाला.

“छाती त्याचीच होती ना? झाडाची नव्हती,” पेलागेया म्हणाल्या.

गेर्मानचे कान लाल झाले. भर गाडीत तीनशे कोस त्यानं तो भारा मांडीवर आणला होता, लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. रायसानं ते लाल कान हेरले आणि तिचा आवाज लगेच मऊ झाला.

“अरे, वाया कशाला जातील? बाबा असते तर काय केलं असतं? आडवी लावली असती. रोपं उत्तम आहेत. वहिनींचा हात बसलेला आहे.”

“हो, तेही आहेच,” गेर्मान म्हणाला. “आडवी लावली तर जगतील ना, वहिनी?”

घटकेपूर्वी हा माणूस आपल्या बाजूनं होता, एवढंच उस्तिन्याच्या मनात आलं. रागवायचंही त्राण नव्हतं. “जगतील,” ती म्हणाली.

प्रोखोर मेलेल्या झाडाशी उकिडवा बसला होता. त्यानं चाकूनं एक डहाळी कापली, टोक बघितलं, दुसरी कापली. “लाकूड पांढरं आहे,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“थंडीनं मेलेलं लाकूड आतून चहासारखं होतं. हे पांढरं आहे.”

“मग मेलं कशानं?” रायसानं विचारलं.

पेलागेया चांगला हात प्रोखोरच्या खांद्यावर टेकत खाली बसल्या. खोड जिथं मातीतून वर येतं तिथं त्यांनी अंगठा घासला. उकडलेल्या बटाट्याचं सालपट निघावं तशी साल निघून आली. त्यांनी अंगठा नाकाशी नेला, हुंगला आणि कमरेच्या फडक्याला पुसला. मग मान वर करून त्यांनी उस्तिन्याकडं बघितलं, जेमतेम एक क्षण.

“थंडीनंच मेलं,” त्या म्हणाल्या. “थंडीला काय एकच खोड असते?”

सासूबाईंना कळलं होतं. तो आंबूस वास कशाचा, ते या दोघींनाच माहीत होतं. जमीन गोठायच्या आत जाड बर्फ पडला तर खालची माती उबदार, ओली राहते, आणि खोडाची मान त्या ऊबेत हळूहळू सडते. झाड थंडीनं नाही, पांघरुणानं मरतं. म्हणून पहिला बर्फ पडला की बागेत जायचं आणि जाड लोकरी बूट घालून प्रत्येक खोडाभोवतीचा बर्फ तुडवायचा, दाबून दाबून, म्हणजे थंडी खाली उतरते आणि माती गोठते. सावेलीचा तो पहिला धर्म होता. गेल्या ऑक्टोबरात बर्फ लवकर पडला, गुडघाभर, मऊ मातीवर. आणि उस्तिन्यानं तो तुडवला नव्हता.

“कशानं का असेना,” रायसा म्हणाली. ती मधोमध उभी राहिली. “मला एवढंच सांगायचंय. बाबांची वाचा गेली होती, पण एक शब्द राहिला होता. मी ऑक्टोबरात आले होते तेव्हा माझ्या डोळ्यांत डोळे घालून त्यांनी तो म्हटला. दोन दिवस तोच. ‘टिकव. टिकव.’ ही बाग टिकव म्हणून. मरणाऱ्या माणसाचा शब्द आहे तो, दादा. त्यापुढं कुणाच्या गुडघ्यांचं काय घेऊन बसायचं?”

प्रोखोरनं डहाळी खाली टाकली. गेर्मान डोळे पुसू लागला. झालं, उस्तिन्याला वाटलं. ठरलं. बारा यंदा, बारा पुढच्या साली. आपण गप्प बसलो तर आपलं पाप झाकलेलं राहतं आणि आकडे पुन्हा हातात येतात. दोन्ही गोष्टी एकाच पारड्यात होत्या. तिला इतका शीण आला की खोटं सांभाळण्यापेक्षा बोलून टाकणं सोपं वाटलं.

“ते ‘टिकव’ नव्हतं, वन्सं.”

“काय?”

“अर्ध्या तोंडानं नीट यायचं नाही. ‘तुडव’ म्हणायचे ते. बर्फ तुडव. रोज विचारायचे. तुम्ही दोन दिवस ऐकलंत, मी महिनाभर ऐकलं.”

“माझ्याकडं बघून म्हणाले होते.”

“तुमच्याकडंच बघून. तुमच्या पायात लोकरी बूट होते. नवे, शहरातले.”

रायसाचं तोंड उघडं राहिलं. गेर्मानला हसू फुटलं, त्यानं ते खोकल्यात दडवलं.

“मग तुम्ही तुडवला असेलच की,” रायसा हळू म्हणाली. तिच्या लक्षात येत होतं.

“नाही तुडवला.”

“वेळ नसेल मिळाला,” गेर्मान घाईनं म्हणाला. “बाबांचं सगळं तुमच्यावर, आईचा हात तसा...”

“वेळ होता, भावजी. एक आख्खी दुपार होती. मामंजी झोपले होते, आईपण. मी बूट घातले, फाटकापर्यंत गेले. चाळीस झाडं आडवी पडलेली, वर पांढरं. आणि मी परत आले आणि ओसरीवर बसून राहिले. अंधार पडेस्तोवर नुसती बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, तुडव? म्हटलं, तुडवला. रोज विचारायचे, रोज सांगायची, तुडवला.”

“म्हणजे बाबांची बाग तुम्ही मारलीत,” रायसा म्हणाली. “आणि त्यांच्या तोंडावर खोटं बोललात. मरणाऱ्या माणसाच्या.”

“हो.”

“नुसतं ‘हो’? आणि त्यावर धिरडीही वाढलीत?”

“रायसा,” पेलागेया म्हणाल्या, “तू ती अकरा खाल्लीस. आता पुरे कर.”

“आई, तू हिची बाजू घेतेस?”

“मी कुणाची बाजू घेत नाही, माझे पाय दुखतायत. तुला बाग टिकवायचीय ना? टिकव. तुझ्या भावानं बारा रोपं आणलीत, लावा दोघं आडवी. फक्त दर ऑक्टोबरात दहा दिवस यायचं, फुटवे बांधायला. आणि पहिल्या बर्फाला एकदा, तुडवायला. पहिला बर्फ काही तार करून कळवत नाही, तेव्हा आधीच येऊन राहायचं.”

“ऑक्टोबरात आमच्या कारखान्यात...” गेर्मान म्हणाला आणि थांबला.

“माझी शाळा असते,” रायसा म्हणाली. “मुलांच्या तिमाहीचे निकाल असतात.”

“असतात,” पेलागेया म्हणाल्या. “ऑक्टोबर सगळ्यांनाच असतो.”

रायसा खाली बसली, तशीच, ओल्या मातीत, चांगल्या झग्यासकट. ती रडायला लागली, आणि ते रडणं दाखवण्याचं नव्हतं. “मला वाटलं होतं, शेवटी मला काहीतरी सांगतायत. दादाला नाही, गेर्मानला नाही. मला. आणि ते बूट बघत होते.”

उस्तिन्याला तिची दया आली. तिनं खिशातला रुमाल पुढं केला. रायसानं तो घेतला, पण वर बघितलं नाही. एवढ्यात ती माफ करणार नव्हती, कदाचित कधीच नाही. उस्तिन्याला ते चालण्यासारखं होतं.

तेवढ्यात प्रोखोर उठला, गुडघे झटकले आणि काही न सांगता न्हाणीघरामागं गेला. परत आला तो हातात पेंढ्यात गुंडाळलेली जुडी घेऊन. काड्याच त्या, करंगळीएवढ्या जाड, डोळे बारीक आणि घट्ट मिटलेले.

“जंगलखात्याच्या रोपवाटिकेतली रानसफरचंदं,” तो म्हणाला. “परवा आणली. उभी वाढतात. फळ बोराएवढं, आंबट. मुरंब्याला चालतं. थंडीत कुणाला विचारत नाहीत.”

“परवा?” उस्तिन्या म्हणाली. “आणि मला आत्ता सांगताय?”

“म्हटलं, चाळीसावा होऊ दे.” तो जमिनीकडं बघत होता. “लाकूड पांढरं आहे हे मी एप्रिलातच बघितलं होतं.”

म्हणजे यालाही ठाऊक होतं. उस्तिन्या त्याच्याकडं बघत राहिली. एका ताटाशी रोज तीनदा बसणारा माणूस, महिनाभर कळून गप्प. तिला संताप आला, आणि पाठोपाठ फार बरंही वाटलं.

“मग आत्ता सगळ्यांसमोर कशाला बोललात?”

“जीभ सैल सुटली,” तो म्हणाला. “दुसरा पेला होता.”

गेर्माननं आपला भारा पुन्हा बांधला. त्याच्या सासुरवाडीला दक्षिणेला नेऊन देतो म्हणाला, तिकडं जगतील. मग रायसाला हाताला धरून आत चहाला घेऊन गेला. जाताना ती दोनदा मागं वळली, मेलेल्या झाडांकडं बघायला.

प्रोखोर खड्डे खणत पुढं पुढं गेला. रोप धरायचं काम दोघींकडं आलं. उस्तिन्यानं पहिलं रोप खड्ड्यात सोडलं, मुळं पसरली आणि माती ओढायला लागली.

“अगं, सरळ धर,” पेलागेया म्हणाल्या.

उस्तिन्यानं बघितलं. रोप तिरकं होतं, बरोबर आडव्या बागेचा कोन. अठ्ठावीस वर्षांच्या हातानं आपणहून साधलेला. तिनं ते उभं केलं. उभं रोप डोळ्यांना चुकल्यासारखं वाटत होतं.

“आई, तुम्हाला कधी कळलं? आज, वासावरून?”

“आज कसलं. ऑक्टोबरातच.” पेलागेया माती ओढत होत्या, एका हातानं. “खिडकीतून बाग दिसते की. काचेवर हिम धरायला अजून वेळ होता. बर्फ सपाट पडलेला, नव्या चादरीसारखा. एक पाऊल उमटलेलं नव्हतं.”

उस्तिन्याचे हात मातीत थांबले. “खिडकीतून?”

“हं.”

“पण खिडकीशी तर मामंजींचा पलंग होता.”

“होता,” पेलागेया म्हणाल्या.

कुंपणापलीकडं कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता. उस्तिन्याला तो आवाज फार लांबून येतोय असं वाटलं. रोज विचारणारा तो अर्धा चेहरा, आणि त्यावर वाकून आपण म्हटलेलं ‘तुडवला, मामंजी, सगळा तुडवला’. आणि उशाशी ती खिडकी.

“काही म्हणाले का? तुम्हाला? कधी?”

“म्हणणार काय? एकच शब्द उरला होता त्यांच्याजवळ.” पेलागेयांनी मातीचं ढेकूळ मुठीत फोडलं. “नोव्हेंबर लागला तसा तो म्हणायचा सोडला. तुझ्या लक्षात नाही आलं? तू आत आलीस की डोळे मिटून घ्यायचे.”

उस्तिन्याच्या लक्षात आलं होतं. तिला वाटलं होतं, आता भानही गेलं. तेव्हापासून ती तेच समजून चालली होती, आणि मनातल्या मनात सुटल्यासारखं मानत होती. ती तिथंच, खड्ड्याच्या काठावर, तोंडावर मातीचे हात धरून रडली. पेलागेया शेजारी बसून राहिल्या. मग त्यांनी रोप आपल्या वाकड्या हातानं ताठ धरलं.

“माती भुसभुशीत राहिलीय,” त्या म्हणाल्या. “वारा सुटला की रोप हलेल. ऊठ. तुडव.”

उस्तिन्या उठली. तिनं डोळे पुसले आणि रोपाभोवती फिरत एकेक पाऊल दाबून टाकू लागली.